दिवाळीच्या सुट्टीत पौर्णिमा कुठून आली?

जैसलमेरच्या सहलीची आठवण सांगायला बसलेला माणूस हमखास चंद्रावर येतो. सम गावाबाहेरची वाळू, उंटावरची फेरी, मग ढोलकीवरचा नाच आणि डोक्यावर पूर्ण चंद्र. कधी गेला होता? दिवाळीच्या सुट्टीत, तिसरीत असताना. इथंच थांबावं आणि त्या वर्षीचं पंचांग उघडावं. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. आपल्याकडची कुटुंबं भाऊबीज उरकून निघतात, जयपूर-उदयपूर-जोधपूर करत जैसलमेरला पोचेपर्यंत कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमी उजाडते. म्हणजे अर्धा चंद्र, तोही मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. पूर्ण चंद्र बघायचा तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत वाळूतच मुक्काम हवा, आणि एवढी रजा कुणाच्या वडिलांना मिळत नव्हती.

काहीजणांना त्याच रात्री आकाशगंगाही आठवते. पौर्णिमेच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही. दोन्हीपैकी एक सोडावंच लागतं, आणि तिथीचा हिशेब पाहता बहुतेक वेळा चंद्रच सोडावा लागतो.

यात कुणी खोटं बोलत नसतं. पौर्णिमा कुठून तरी आलेली असते खरी. दिवाळीच्या बरोबर पंधरा दिवस आधी कोजागरी असते. गच्चीवर चटया, आटवलेलं दूध आणि दुधात पडलेला चंद्र. मूल दोन्ही रात्री एकाच महिन्यात जागलेलं असतं. वीस-तीस वर्षांनी गच्ची वेगळी आणि वाळू वेगळी हे टिकत नाही, चंद्र तेवढा उचलला जातो आणि चांगल्या जागी नेऊन टांगला जातो.

बालपणीच्या बाकी जागांबाबत पडताळा सोपा असतो. आजोळच्या वाड्यात परत जाऊन उभं राहिलं की कळतं, जिन्याला अकराच पायऱ्या होत्या, आणि परसातली विहीर तेव्हा वाटली होती त्याच्या निम्मी रुंद आहे. वाडा हलत नाही, म्हणून चूक आपली हे ठरवता येतं. वाळवंटात ही सोय नाही. तिथं जागाही सरकलेली असते आणि आठवणही, आणि कुणी किती सरकलं हे एकमेकांना विचारता येत नाही. परत गेलेली माणसं मग दोन टोकांना जातात. एक म्हणतात, "पूर्वीचं वाळवंट राहिलं नाही." दुसरी म्हणतात, "आपण लहान होतो, सगळंच मोठं वाटायचं." दोन्ही वाक्यं चौकशी न करता दिलेले निकाल आहेत.

आधी वाळूची बाजू पाहू. वाळूच्या टेकडीला थरच्या वाळवंटात धोरा म्हणतात. उघड्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या धोऱ्याला दोन अंगं असतात. वाऱ्याकडचा चढ सौम्य, साधारण 10 ते 15 अंशांचा, आणि त्यावरची वाळू पायाला घट्ट लागते. दुसरी बाजू निसरडी. वारा कण उचलून टाकत नाही, ते उड्या मारत जातात. एक कण आपटतो, दुसऱ्याला उडवतो, तो तिसऱ्याला. असे कण माथ्यापर्यंत चढतात आणि पलीकडे साचतात. साठा वाढला की पलीकडची बाजू 33-34 अंशांवर पोचते, त्यापुढे कोरडी वाळू उभी राहूच शकत नाही, एक पदर खाली घसरतो. मागून खरवडून पुढे टाकायचं, असं करत अख्खी टेकडी चालते. थरमध्ये जोरदार वारा मार्च ते जुलैच्या दरम्यान नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे चाल ईशान्येकडे.

वेगाचा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टेकडी जितकी बुटकी तितकी जलद. एकाच वाऱ्यात 3 मीटरचा धोरा वर्षाला 20 मीटर सरकत असेल, तर 12 मीटरचा साधारण 5 मीटरच सरकेल, कारण त्याला पुढे जायला चौपट माल वाहावा लागतो. तीस वर्षांचा हिशेब केला तर पहिला 600 मीटर गेला, दुसरा 150. लहानपणी ज्या छोट्या टेकडीवरून घसरगुंडी केली ती आता नक्कीच तिथं नाही. ज्या मोठ्या धोऱ्यामागे सूर्य बुडाला, तो मात्र जवळपास असू शकतो. आणि थरमधले बरेचसे मोठे धोरे तर चंद्रकोरीचे नाहीतच. ते केसातल्या पिनेसारखे, दोन लांब हात नैर्ऋत्येकडे पसरलेले आणि नाक ईशान्येला. हे जुने आहेत, हजारो वर्षांचे, आणि गवत-झुडपांनी जागच्या जागी धरून ठेवलेले. चराई वाढली किंवा ट्रॅक्टर फिरला की त्यांचे माथे तेवढे मोकळे होतात आणि वाळू पुन्हा उडू लागते, पण पायथा जागा सोडत नाही.

म्हणून "सगळी वाळू हलते" हेही खरं नाही, आणि "सगळीकडे वाळूच वाळू होती" हे तर अजिबात नाही. जैसलमेर-बाडमेरमधलं मरू राष्ट्रीय उद्यान 3162 चौरस किलोमीटरचं आहे. त्यात वाळूच्या टेकड्यांचा हिस्सा सुमारे एक पंचमांश. बाकी खडकाळ माळ, गोटे, गवताळ सपाटी, खारट तळ्यांचे कोरडे तळ. जैसलमेरहून समला जाताना चाळीस किलोमीटर खिडकीतून दिसतो तो पिवळट दगडाचा माळच. तो कुणाला आठवत नाही. आठवतो शेवटचा वाळूचा तुकडा, आणि आठवणीत तो क्षितिजापर्यंत पसरतो.

या पसरण्याचा अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ हेलेन इंट्राउब यांनी 1989 मध्ये लोकांना छायाचित्रं दाखवली आणि नंतर ती आठवून काढायला सांगितली. लोकांनी चित्रात चौकटीबाहेरचा भागही काढला, जो त्यांना दाखवलेलाच नव्हता. डोळा थांबतो तिथं मन थांबत नाही, कडेला जे असायला हवं ते भरून टाकतं. खोलीचं चित्र असेल तर भिंत थोडी पुढे जाते, एवढंच. वाळूचं असेल तर पुढे काय भरायचं? वाळूच.

इथं उंचीचाही एक हिशेब आहे. सपाट जमिनीवर क्षितिज किती लांब, हे डोळा किती उंच यावर ठरतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्यायचं आणि 3.57 ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. एक मीटरवर डोळे असलेल्या मुलाला क्षितिज साडेतीन किलोमीटरवर दिसतं, मोठ्या माणसाला साडेचारवर. म्हणजे मुलाचं वाळवंट मोजमापाने मोठ्यांच्या वाळवंटापेक्षा लहान होतं. शिवाय फोग आणि बुईची झुडपं मीटर-दीड मीटरची असतात, त्यांच्यापलीकडे उभा असलेला रस्ता, जीप, विजेचा खांब मोठ्यांना दिसत होता, मुलाला नाही. अथांगपणाची आठवण बऱ्याचदा एका झुडपाआड उभं राहिल्याची असते. उंटावर बसल्यावर मात्र डोळे अडीच-पावणेतीन मीटरवर जातात आणि क्षितिज एकदम सहा किलोमीटरच्या आसपास सरकतं. उंटावरची दहा मिनिटं बाकी सगळ्या दिवसापेक्षा ठळक राहतात त्यात हाही वाटा असावा.

चढाचंही तसंच. "भिंतीसारखी उभी टेकडी" असं वर्णन फार ऐकू येतं. कोरड्या वाळूला 34 अंशांपुढे जाता येत नाही हे वर आलंच. पण चढ जास्त वाटणं ही बालपणाची खोड नाही. मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं की 5 अंशांचा चढ धडधाकट मोठी माणसंही साधारण 20 अंशांचा सांगतात, आणि दमलेल्या माणसाला तो आणखी उभा दिसतो. ही चूक आठवणीत शिरलेली नाही, पाहतानाच झालेली आहे. आठवणीने ती इमानाने जपली, एवढंच.

आता तळं. "वाळवंटाच्या मध्यभागी मोठं पाणी पाहिलं होतं" हे वाक्य ऐकलं की मोठी माणसं हसून "मृगजळ" म्हणतात आणि विषय मिटवतात. ही घाई आहे. मृगजळ असतंच. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, आकाशाकडून येणारा किरण तिथं वाकतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर पडल्यासारखा दिसतो. पण त्याला कडक ऊन लागतं, ते लांबवर दिसतं, आणि जवळ गेलं की मागे सरतं. आठवणीत पाणी पायाशी असेल, काठावर बगळा किंवा म्हैस असेल, तर ते मृगजळ नव्हे.

मग काय असेल? खडीन असू शकतं. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी लांब मातीच्या बांधाने अडवायचं आणि ते मुरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा, ही पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेर भागात शेकडो वर्षांपूर्वी रुजवलेली पद्धत. ऑक्टोबरात बांधाआड पाणी उभं असतं. टोबा असू शकतो, म्हणजे गुरांसाठी राखलेला खोलगट पाणवठा. कालव्याचं पाणी तर असूच शकतं. तेव्हाच्या राजस्थान कालव्याचं, म्हणजे आताच्या इंदिरा गांधी कालव्याचं काम 31 मार्च 1958 ला सुरू झालं. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून 649 किलोमीटर चालत पाणी जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढकडच्या टोकाला पोचलं ते 1987 च्या सुरुवातीला. त्या पाण्याने शेती आली, आणि काही भागांत खालच्या कठीण थरामुळे पाणी मुरेना, जमिनीवर साचलं. तिकडे या आजाराला सेम म्हणतात. हनुमानगढ-सुरतगढ पट्ट्यात धोऱ्यांच्या मधल्या खोलगटीत अशी तळी खरोखरच झाली. आणि ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेरच्या कवास भागात काही दिवसांत वर्षभराच्या सरासरीहून जास्त पाऊस झाला. खाली जिप्समचा थर होता, पाणी महिनोन्‌महिने हललं नाही. त्या वर्षी सहा वर्षांचं असलेलं मूल "आमच्या वाळवंटात समुद्र होता" म्हणालं तर ते बरोबर आहे.

उलटही घडतं. जैसलमेरचा गडीसर तलाव आज भरलेला दिसतो, कारण त्यात कालव्याचं पाणी येतं. तो पावसावर अवलंबून असतानाच्या दुष्काळी वर्षात कुणी पाहिला असेल तर तळाच्या भेगाच आठवतील. दोघं भांडतील आणि दोघंही खरे असतील.

झाडांनी हा गोंधळ आणखी वाढवला. जोधपूर संस्थानाने 1930 च्या दशकात विमानातून विलायती बाभळीचं बी टाकलं. आपल्याकडे हिलाच वेडी बाभूळ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर जोधपूरच्या काझरी संस्थेने, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने, धोरे बांधून ठेवण्याची रीत बसवली. ती जवळून बघण्यासारखी आहे. आधी धोऱ्याला कुंपण, कारण पहिली काही वर्षं एक शेळीही परवडत नाही. मग माथ्यापासून खाली, वाऱ्याला आडव्या, दोन ते पाच मीटर अंतरावर ओळी आखायच्या. ओळींत सिणिया, बुई, खींप अशा झुडपांच्या काटक्या उलट्या रोवायच्या, शेंडा खाली आणि बुंधा वर. दिसायला हे फाटक्या कुंपणासारखं दिसतं, पण जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग मोडायला तेवढं पुरतं, कारण उड्या मारणारे कण मुख्यतः जमिनीलगतच धावतात. पहिला पाऊस झाला की जुलैत ओळींच्या आडोशाला रोपं लावायची. त्यासाठी इस्रायली बाभूळ फार वापरली गेली. काटक्या उथळ रोवल्या तर पहिल्याच आंधीत उडतात, आणि उन्हाळ्याआधी काम उरकलं नाही तर रोपाच्या मुळाखालची वाळू निघून जाते, रोप उघडं पडतं. जिथं हे नीट झालं तिथला धोरा पंधरा-वीस वर्षांत हिरवी टेकडी होतो. "इथं नुसती वाळू होती" म्हणणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्याचं खरं असतं आणि "छे, इथं तर झाडी आहे" म्हणणाऱ्या नातवाचंही.

या सगळ्यात खेजडी मात्र तशीच उभी असते. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याची. तिचं मूळ फार खोल जातं, म्हणून वाळू चढली-उतरली तरी ती जागा सोडत नाही. आठवणीत खेजडी असेल तर तिच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

आता आठवणीची बाजू. तिचा सगळ्यात मोठा साक्षीदार अल्बम, आणि तोच सगळ्यात जास्त फितूर. तेव्हा रोल 36 फोटोंचा असायचा आणि आठ-दहा दिवस पुरवायचा. जैसलमेरच्या वाट्याला सात-आठ यायचे. त्यात उंट असायचाच, कारण उंटावर बसवलं आणि फोटो काढला नाही असं होत नसे. मुलाला उंट आठवतो तो उंटामुळे की फोटोमुळे? एक खूण आहे. आठवणीत आपण स्वतःला उंटावर बसलेलं बाहेरून पाहत असू, तर ती फोटोची आठवण असण्याची शक्यता मोठी. उलट, उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, बसणारा पुढे कोसळल्यासारखा होतो आणि मग पुढचे पाय उठून तो मागे फेकला जातो. हा हिसका कुठल्याच फोटोत नसतो. तो पोटात आठवत असेल तर तेवढं आपलं स्वतःचं.

रंगाचीही गंमत आहे. थरची वाळू दुपारी फिकट, मळक्या पांढऱ्याकडे झुकणारी दिसते. सोनेरी दिसते ती मावळतीच्या उजेडात, आणि सहली नेमक्या मावळतीला नेतात. त्यात जुन्या रंगीत कागदांवर तीन रंगद्रव्यांपैकी निळसर हिरवं द्रव्य बंद अंधारात सगळ्यात आधी विरत जातं. अल्बम कपाटात, कपाट बंद. वर्षागणिक फोटो तांबूस होत जातो, आणि दर दिवाळीला तो बघणाऱ्याचं वाळवंटही तांबूस होत जातं.

खोटा फोटो काय करू शकतो, हे किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये तपासलं. 20 प्रौढांना त्यांचे बालपणीचे खरे फोटो दाखवले आणि त्यात एक बनावट मिसळला, गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा. घरच्यांनी खात्री दिली होती की असं कधी घडलेलं नाही. तीन मुलाखतींनंतर निम्म्या लोकांना फुग्यातली सैर थोडीफार आठवू लागली होती. आणि फोटोही लागतो असं नाही. बालमानसशास्त्रातलं मोठं नाव असलेल्या ज्याँ पियाजे यांना आपल्याला बाबागाडीतून पळवून नेण्याचा झालेला प्रयत्न स्पष्ट आठवत असे, दाईच्या चेहऱ्यावरचे ओरखडेसुद्धा. ते पंधरा वर्षांचे असताना त्या दाईने पत्र लिहून कबूल केलं की ती कहाणी बनावट होती, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ परत केलं. पियाजे यांनी ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे सहलीची गोष्ट दर सणाला सांगितली जाते, म्हणजे ही सोय भरपूर.

आठवण अर्धीच धरून ठेवते याचं उदाहरण तर वाळूचंच आहे. "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे" ही ओळ प्रत्येकाला येते आणि ती कष्टाचं फळ सांगते असं प्रत्येकाला वाटतं. भर्तृहरीच्या श्लोकाच्या या वामनपंडिती अनुवादात पुढे मृगजळ पिऊन तहान भागते, सशाला शिंगही सापडतं, आणि शेवटी येतं की हे सगळं जमेल, मूर्खाची समजूत काढणं जमणार नाही. तीन ओळी गळल्या आणि अर्थ उलटा फिरला. बालपणाचं काय घेऊन बसलात.

आणखी एक चाचणी महाराष्ट्रातल्या लोकांना खास उपयोगी. "आम्ही जैसलमेरला वाळूचा किल्ला केला होता." दिवाळीच्या दिवसांत धोऱ्याच्या वरच्या थरात ओल नसते. कोरडी, वाऱ्याने गोल घासलेली वाळू मुठीतून सांडते, बुरूज राहत नाही. किल्ला व्हायला ओली वाळू लागते, आणि ती होती अलिबागला, किंवा मुरूडला. दोन सहली एकमेकींत घुसल्या. पावसाळ्यात गेला असाल तर मात्र हा आक्षेप मागे घ्यावा लागेल, कारण पावसानंतर वितीभर खणलं की ओल लागते.

पडताळा करायचाच असेल तर क्रम महत्त्वाचा. अल्बम उघडण्याआधी आठवतं ते सगळं लिहून काढायचं, न आठवणारी जागा मोकळी सोडायची. आई आणि मोठा भाऊ यांना वेगवेगळं विचारायचं, एकत्र बसवलं की पहिला बोलणारा जिंकतो. मग फोटोंपेक्षा निगेटिव्ह पाहायच्या. पट्टीच्या कडेला क्रमांक असतात, त्यावरून आधी जैसलमेरचा किल्ला की आधी वाळू हे ठरतं, आणि अल्बममध्ये न लावलेले फोटोही त्यातच सापडतात. फोटोवर छापलेल्या तारखेवर भिस्त ठेवू नये, कॅमेऱ्यात ती कुणीच नीट लावत नसे. वर्ष सापडलं की तिथी काढायची आणि चंद्राचा निकाल लावायचा. ऐंशीच्या दशकातल्या आठवणीत जैसलमेरभोवती पवनचक्क्या फिरत असतील तर त्या नंतर उगवल्या आहेत, त्यांची दाटी 2001 नंतरची.

जागेसाठी उपग्रहाची जुनी चित्रं आहेत. लँडसॅट मालिका 1972 पासून आहे, आणि 1982 च्या लँडसॅट 4 पासून 30 मीटरचा तपशील मिळतो. हा सगळा साठा 2008 पासून फुकट आहे. 30 मीटरच्या ठिपक्यात घसरगुंडीचा धोरा दिसणार नाही, पण वाळूच्या पट्ट्याची कड, शेतं, कालवा दिसतो. इथं एकच चूक सगळे करतात. मे महिन्यातलं जुनं चित्र आणि ऑक्टोबरातलं नवं चित्र शेजारी ठेवतात आणि वाळवंट हिरवं झालं म्हणतात. महिना तोच हवा, आणि शक्यतो आगेमागे पावसाचं वर्षही सारखं हवं.

आणि यंदा मुलांना घेऊन जाणार असाल तर उंटाचा फोटो काढाच, तो काढल्याशिवाय सुटका नाही. एखाद्या फोटोत खेजडी किंवा दगडी छत्री येऊ द्या, जागा सांगणारं काहीतरी. मग कॅमेरा फिरवून पाठीमागचा एक घ्या, जिकडे जीप उभ्या आहेत, चहाची टपरी आहे आणि कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं झुडपांना अडकली आहेत तिकडचा.